मत लिहिल्याशिवाय पुस्तक जमा होत नाही

कांता, तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल धडधडीत खोटं बोलले, आणि मी समोर बसून मुकाट्यानं ऐकून घेतलं. हे आधी कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मला तोंड राहील.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. फोटो तुझा तोच, मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू कुणावर तरी डाफरायच्या बेतात आहेस. वाचनालय समितीचे अध्यक्ष, आपले भाऊ, उभे राहिले, घसा साफ केला नि म्हणाले, "कांताबाईंना संतवाङ्मयाची विशेष गोडी होती." मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी हसेल असं वाटलं. कुणी हसलं नाही. माणूस गेलं की त्याच्याबद्दल बोलताना आपल्याकडे सगळे एकदम सोवळे होतात. "शांत, मितभाषी स्वभाव," असंही ते म्हणाले. तू मितभाषी! अगं, तिरोड्याच्या बसमध्ये कंडक्टर तुला पाहून तोंड फिरवायचा. स्टँड येईपर्यंत तू त्याला अख्खी कादंबरी ऐकवशील, ही त्याला धास्ती.

तर खरं काय ते मी इथे लिहून ठेवते. तू आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल होतीस आणि तुला भुतांच्या कादंबऱ्या आवडायच्या. संतवाङ्मय तू झटकून, पुसून, ओळीनं लावून ठेवायचीस. वाचायचीस मात्र पिशाच्चं, चेटकिणी, पुनवेला लांडगे होणारी माणसं, मोठ्या शहरांच्या पोटात भुयारं करून राहणारे राक्षस, भाड्याच्या खोलीत दुकान मांडून बसलेले जादूगार. त्याची तुला काडीइतकी लाज नव्हती. लाज मला वाटायची, तुझी मैत्रीण म्हणून.

नव्व्याण्णव साली मी बदली होऊन या गावात आले. गोंदिया शहरात वाढलेली, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, डोक्यात वारं भरलेली. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे असं कळलं म्हणून आले, तर तू टेबलाशी बसून एका हातानं वालाच्या शेंगा सोलत होतीस आणि दुसऱ्या हातात एक हिंदी पॉकेटबुक होतं. मुखपृष्ठावर लाल साडीतली बाई आणि तिच्या खांद्यावर कवटी.

"काय वाचताय?" मी विचारलं.

"भूत," तू मान वर न करता म्हणालीस.

"तुम्ही ग्रंथपाल ना इथल्या?"

"म्हनूनच तं. बाकीच्यायले हे लपून वाचा लागते. मी उघड वाचून राहिली."

आठवडाभरात तू मला 'मास्तरीन' म्हणायला लागलीस आणि मी तुला अगंतुगं. गोंदियाच्या माझ्या बहिणींना माझ्याशी एवढं मोकळं बोलता आलं नाही कधी.

मग तुझा तो नियम कळला. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी सगळीकडेच असते. तू तिच्याखाली आणखी एक कोरी चिठ्ठी डकवायचीस. पुस्तक परत आणणाऱ्यानं त्यावर आपलं मत लिहायचं. एक ओळ चालेल, पण लिहायचंच. ज्याला लिहिता येत नाही, घरातल्या कुणाकडून पुस्तक वाचून घेतलंय, त्यानं तोंडी सांगायचं आणि तू लिहून घ्यायचीस. भिंतीवर पाटीच होती: मत लिहिल्याशिवाय पुस्तक जमा होत नाही. खाली अध्यक्षांची सही. 'छान आहे' लिहिलेलं तुला चालायचं नाही. "काय छान आहे? शेवया आहेत का छान असायले?" म्हणून तू माणसाला परत बाकावर बसवायचीस.

तुझं स्वतःचं मत सगळ्यात खाली असायचं, कागदाची घडी घालून, कड भाताच्या शितानं चिकटवलेली. वाचकानं आधी आपलं लिहायचं, मगच तुझी घडी उघडायची. त्यानं वाचलं की तू पुन्हा शीत लावून ती बंद करायचीस. दुपारी डबा उघडला की पहिली शितं चिठ्ठ्यांना, मग तू जेवायचीस. चिठ्ठ्यांना मुंग्या लागायच्या. मी तुला गोंदाची बाटली आणून दिली, तर ती तू महिनाभर तशीच ठेवलीस आणि नंतर शाळेला देऊन टाकलीस.

भुतांचं कपाट वेगळं होतं, हिरवं, कुलूपवालं. सुरुवातीची सगळी भरती गोंदिया स्टेशनवरच्या ठेल्यावरून. तो ठेलेवाला तुला लांबूनच ओळखायचा. "आओ मॅडम, नया आया है, एकदम डरावना!" आणि तू तिथेच उभ्यानं पाच पानं वाचून, "ये तो पिछले साल वाला ही है, सिर्फ हवेली बदली," म्हणून त्याचं पुस्तक त्याच्या हातात परत द्यायचीस. पुढे तुझी भाची पिंकी नोकरीला पुण्याला गेली आणि तिच्याकडून इंग्रजी पुस्तकांची खोकी यायला लागली. दहावीला तुझी इंग्रजीतच दांडी उडालेली. पण तू शब्दकोश मांडीवर घेऊन बसलीस. भाताच्या रोवणीला हातात घेतलेलं पुस्तक धानकापणीला संपायचं. त्या पुस्तकांत भुतं गावाबाहेरच्या वाड्यात राहत नव्हती. ती फ्लॅटमध्ये राहायची, मेट्रोनं फिरायची, बारमध्ये बसायची. तुला ते भल्लंच आवडलं. आणि भल्लाच रागही आला.

शाळेची सहल बोदलकशाच्या तलावावर गेली होती तेव्हा तू डबा घेऊन आमच्याबरोबर आलीस. पोरं पाण्याकडे पळाली, आपण दोघी तलावाच्या पाळीवर बसलो. पिंकीनं पाठवलेल्या एका पिशाच्चाच्या कादंबरीवर तू सकाळपासून धुमसत होतीस.

"पाचशे वरसं जगला हा मानूस," तू म्हणालीस, "अन् एक धड काम नाही केलं. दिसाचा झोपते, सांज झाली का कॉलेजच्या पोरीमांगं लागते. पाचशे वरसं! पाचशे वरसांत मानूस असा तलाव बांधते व!"

"अगं, कादंबरी आहे ती."

"कादंबरी आहे म्हनून का झालं? अन् तो लांडगा. दर पुनवेले कपडे फाडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा शर्ट घालून हजर. कोन शिवते, कोन धुते, एक ओळ नाही त्याच्यावर. मी लिहिलं चिठ्ठीत."

मी हसून हसून पाण्यात पडायची राहिले. तू हसत नव्हतीस. तुझं एक ठाम मत होतं आणि ते तू मला शंभरदा ऐकवलंस: शहर खरं पाहिजे, तरच भूत खरं वाटतं. लेखक लोक उलटं करतात, भुताला चार पानं देतात आणि शहराला एक ओळ. ज्याला आपल्या शहराची पाण्याची टाकी कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याचं भूत तू मानायची नाहीस. तू जुन्या रजिस्टरांच्या पाठकोऱ्या पानांवर त्या परदेशी शहरांचे नकाशे काढायचीस. हा पूल, ही स्मशानभूमी, हे त्या जादूगाराचं घर, हा त्याचा कामावर जायचा रस्ता. रस्ता जुळला नाही की पुस्तक नापास. प्रेमाची पानं तू उलटून टाकायचीस असं सांगायचीस, पण ते खोटं होतं. त्या पानांवर तुझ्या डब्याच्या तेलाचे डाग आहेत, कांता. मी पाहिलेत. एकच रिवाज तुला मनापासून पसंत होता, पिशाच्चाला बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही हा. "जित्या लोकायलेही हे लागू पायजे," असं तू लिहिलंयस एका चिठ्ठीत, आणि कुणावर ते मला माहीत आहे.

मी भांडायचे. मला ती पुस्तकं म्हणजे पोरांच्या डोक्यात कचरा वाटायची. म्हणायचे, गावात देवऋषी काय कमी आहेत, आणखी भुतं कशाला? तू म्हणायचीस, "देवरशाकडं जानारा एक मानूस दाखव जो माह्याकडून पुस्तक नेते. एक दाखव! जो वाचते त्याले मालूम असते का लिहिलेलं आहे. जो वाचत नाही त्यालेच खरं वाटते." वर पुन्हा, दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या मंडईच्या जत्रेवरून, "मंडईच्या नाटकात चेटकीन येते तं सरपंच पहिल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. तेच माह्या कपाटात आली तं वाईट काऊन?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणून मी अर्ज केला.

हो, अर्ज. तू गेल्यावर तरी हे मोठ्यानं म्हणायला हवं. समितीच्या अध्यक्षांना, माझ्या वळणदार अक्षरात: 'भूतपिशाच्चविषयक पुस्तके अंधश्रद्धेस खतपाणी घालतात, सबब ती वाचनालयातून काढून टाकावीत.' 'सबब' लिहिताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं! समितीचे कागद तुझ्याच टेबलावर यायचे. तूच तो आवक रजिस्टरला चढवलास, शिक्का मारलास आणि मला पोच दिलीस. "अक्षर मस्त आहे व तुहं," म्हणालीस. मग डब्यातलं वांग्याचं भरीत माझ्यापुढे सरकवलंस. समितीनं अर्ज फाइलीत लावला आणि विसरून गेली. तू विसरली नसशील. पण एका शब्दानं बोलली नाहीस, आणि मला ते भांडण्यापेक्षा जड गेलं.

अर्ज दिला त्याच पावसाळ्यात सगणाबाईचं झालं. जंगलाकडच्या टोलीवर, गावाबाहेरच्या त्या चार घरांच्या वस्तीवर, एकटी राहणारी विधवा, तेंदूपत्ता तोडणारी, मोहफुलं वेचणारी. टोलीत एका घरचे दोन बैल लागोपाठ मेले, त्याच घरच्या लेकराचा ताप उतरेना, आणि कुणीतरी 'टोनही' हा शब्द उच्चारला. म्हणजे करणी करणारी. दोन दिवसांत तिला विहिरीवर पाणी भरू देईनात. तिसऱ्या दिवशी तिच्या दाराला कुणी हळद-कुंकवाचं लिंबू बांधलं.

मी काय केलं? मी तालुक्याला पत्र लिहिलं. प्रयोगांचा कार्यक्रम ठरवला, लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, सगळं साहित्य जमवलं. तारीख मिळाली पुढच्या पंधरवड्यातली.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून टोलीवर गेलीस. सगणाबाईच्या अंगणात चटई टाकलीस, पेटी उघडलीस आणि रजिस्टर मांडून बसलीस. हिरवं कपाट गावात बंद. ज्याला भुताचं पुस्तक पाहिजे त्यानं इथे यायचं. शाखा उघडली म्हणालीस वाचनालयाची! आणि पुस्तक न्यायचं तर आधी सगणाबाईच्या हातचं पाणी प्यायचं. एका हिंदी कादंबरीमालिकेचा चौथा भाग नुकताच आला होता. तिसरा भाग वाचून अर्धं गाव अडून बसलेलं. पहिल्या दिवशी दोघं आले. पाणी पाहून एक परत गेला, एक प्यायला. तिसऱ्या दिवशी रांग होती.

मी शाळा सुटल्यावर आले तेव्हा त्या बैलवाल्याचा भाऊ तुझ्यापुढे उभा राहून ओरडत होता. तू बसूनच होतीस.

"मी आजपावतर तीनशे भुतं वाचली," तू त्याला म्हणालीस. "तू किती वाचली? सांग ना. भुताले रेशन कार्ड लागत नाही. भुताचे पाय चिखलात फुटत नाही. हे पाय पाहा तिचे. हे मानसाचे पाय आहेत गा, अन् ते उपाशी आहेत. तुह्या लेकराले गोंदियाच्या दवाखान्यात ने. सायकल देतो मी. पन हिले टोनही म्हनशीन तं माह्याशी गाठ आहे, मले भुताची सगळी कलमं पाठ आहेत."

तो सायकल घेऊन गेला. लेकरू वाचलं. तू आठ दिवस तिथे बसलीस. माझा प्रयोगांचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी झाला आणि चांगला झाला, पण तेव्हा विहिरीवर सगणाबाई सगळ्यांच्या आधी पाणी भरत होती. त्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला हवा होता. राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आले. राहून गेलं नाही, कांता. मी घेतला नाही. घेतला असता तर तुझी माफी मागावी लागली असती, आणि माफी मागणं माझ्या जिवावर येतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दोन-तीन वर्षांपूर्वी तू मला ते जाड इंग्रजी पुस्तक दिलंस. कुठल्याशा थंड शहरातली बाई, ट्रामच्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कामाला. ती पहिल्याच पानावर मरते. पण ऑफिसला कुणी कळवत नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते, आणि पुढची चारशे पानं कामावर येत राहते. "हे भूत काम करते," तू म्हणालीस. तुझे डोळे असे लकाकत होते की मला हेवा वाटला. "माह्या आयुष्यातलं पहिलं कामाचं भूत. हे वाच, मंग भांड."

मी वाचलं नाही. पंधरा दिवसांनी चिठ्ठीवर 'ठीक आहे' लिहून आणून दिलं. तू विचारलंस, "पहिल्या दिवशी तिच्या खिडकीवर कोन आलं? काय हरवलं होतं त्याचं?" मी पर्सची चेन लावायला लागले. तू तुझी घडी तशीच ठेवून वरची चिठ्ठी फाडलीस, नवी डकवलीस, पुस्तक माझ्या पर्समध्ये कोंबलंस. "घेऊन जा. जमा होत नाही." मग ते माझ्या फ्रिजवर धूळ खात पडलं. भेटलीस की तुझं एकच: "वाचलं का व?" आणि माझं एकच: "वेळ कुठे आहे बाई."

गोंदियाच्या दवाखान्यातही तू तेच विचारलंस. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि विचारतेयस काय, तर वाचलं का! मी म्हटलं, "निम्मं झालं." खोटं बोलले. तुला कळलं. "मंग निम्मं भांड," तू म्हणालीस, आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली हिरव्या कपाटाची चावी काढून माझ्या तळहातावर ठेवलीस. मला वाटलं, झोपेत दोरा रुततोय म्हणून काढतेयस.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी समितीची बैठक झाली. तुझ्या जागी नवीन माणूस येईतो कारभार माझ्याकडे होता, म्हणून मलाही बोलावलं. मंडईच्या आधी खोली साफ करायची, हिरवं कपाट रिकामं करायचं, सोमवारी रद्दीवाल्याचा टेम्पो येणार, असं ठरत होतं. भाऊंनी आधाराला एक कागद काढला. पिवळा पडलेला, तुझा शिक्का, माझं वळणदार अक्षर. त्यांनी तो वाचून दाखवला, 'सबब'सकट.

"कांताबाई होत्या तोवर आम्हाला भीड होती," भाऊ म्हणाले. "पण मागणी तर तुमचीच आहे, मॅडम."

मी उभी राहिले. शोकसभेत उठायला हवं होतं, ते तिथे उठले. म्हटलं, तो अर्ज मूर्खपणाचा होता आणि मी तो मागे घेते. म्हटलं, तिला संतवाङ्मयाची गोडी नव्हती, भुतांची होती, आणि त्या भुतांनी या गावातल्या एका बाईचा जीव वाचवला तेव्हा तुम्ही-आम्ही पत्रव्यवहार करत होतो. आवाज चढला होता माझा. भाऊ शांतपणे म्हणाले, "ठराव झाला, मॅडम. आता कपाटात जे आहे ते जाईल."

कपाटात जे आहे ते. ही ओळ माझ्या डोक्यात घरी येईपर्यंत फिरत राहिली. आणि घरी येताच मी उलटपावली वाचनालयात गेले.

मी कुणाला काही शिकवलं नाही, शपथ घेऊन सांगते. फक्त कपाटाचं कुलूप काढलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि येईल त्याला सोमवारचं सांगितलं. पहिली आली सगणाबाई. तिला कुणी कळवलं देव जाणे. तिनं आयुष्यात एक अक्षर वाचलेलं नाही. तिनं सगळ्यात जाड पुस्तक उचललं.

"कोणाकडून वाचून घेणार?" मी विचारलं.

"कोनाकडून नाही. मी पाहून पाहून मत देईन," ती म्हणाली. "टाइम लागन. लिही माहं नाव."

लिहिलं. मग रांगच लागली. वाचणारे आले, न वाचणारे आले, मालिकेचा चौथा भाग कधीच परत न केलेलेही आले आणि पाचवा मागू लागले. तो बैलवाल्याचा भाऊ आला, तीन पुस्तकं घेऊन गेला, माझ्याकडे न बघता. मी माझ्या त्याच वळणदार अक्षरात नावं चढवत होते. शनिवारी दुपारी कपाटात एक मेलेली पाल आणि तुझा शब्दकोश उरला.

सोमवारी भाऊ टेम्पो घेऊन आले. रिकाम्या कपाटात वाकून पाहिलं त्यांनी, अगदी मागच्या फळीपर्यंत.

"पुस्तकं?"

"वाचकांकडे. रजिस्टर बघा."

"परत मागवा सगळी."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "मत लिहून झाल्याशिवाय जमा करून घेता येत नाही. काहींना वेळ लागेल."

"हा कुठला नियम? कोणी केला?"

"सही तुमची आहे, भाऊ." तू ती कधी घेतलीस कोण जाणे. तुझ्यापुढे ते न वाचताच सह्या करायचे. "आणि दोन पुस्तकं तुमच्याही घरी आहेत. वहिनींनी नेली. एक पिशाच्चाचं, एक लांडग्याचं."

भाऊंनी पाटीजवळ जाऊन आपली सही निरखली. मग त्यांना हसू आलं की ठसका लागला, ते मला कळलं नाही. टेम्पो मोकळा गेला. पुढच्या बैठकीत ते पुन्हा काहीतरी काढतील. काढू देत. मी आहे.

एकच पुस्तक बाकी होतं, जे या सगळ्याच्या आधीपासून बाहेर होतं. ते मी त्या रविवारी फ्रिजवरून काढलं होतं आणि सोमवारी भाऊ गेल्यावर तुझ्या खुर्चीत बसून संपवलं. पहिल्या दिवशी तिच्या खिडकीवर एक म्हातारा येतो, कांता. त्याची छत्री हरवलेली असते. आता विचार. ती बाई खिडकीवर बसून राहते, लोकांना त्यांच्या छत्र्या, पिशव्या, काठ्या शोधून देते, आणि शेवटी एके दिवशी खिडकीच्या चाव्या शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे देऊन उठते, दार उघडते, नि नसते. संपलं पुस्तक. मला इतका संताप आला की मी ते टेबलावर आपटलं आणि रडले. भरपूर रडले. तुझ्या तेराव्यालाही मला रडू आलं नव्हतं.

मग चिठ्ठीवर लिहिलं: 'शेवट पटला नाही. खिडकीपुढे अजून रांग होती. तिला जाऊ द्यायला नको होतं. लेखकानं घाई केली.' खाली नाव घातलं. आणि नियमाप्रमाणे, लिहून झाल्यावरच, तुझी घडी उघडली. शीत वाळून कडक झालं होतं, नखानं खरवडावं लागलं. आत तुझं वाकडंतिकडं अक्षर:

'शेवट बराबर आहे. चाबी दुसरीच्या हातात देली, मंगच गेली. मास्तरीन म्हनेल पटला नाही. भांडू दे.'

चावी माझ्या पदराच्या गाठीत होती. मी ती चाचपून पाहिली. मग पेन उचललं आणि माझ्या मताखाली आणखी एक ओळ लिहिली: 'तरीही पटला नाही.' डबा उघडला, पहिलं शीत घेतलं, आणि तुझी घडी पुन्हा बंद केली.